साठ मिलिग्रॅम आले कुठून? विषांबद्दल ऑनलाइन वाचताना

तुम्ही सध्या पेटची तयारी करत असाल किंवा तुमचा सिनॉप्सिस अर्ध्यावर आला असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. विषय विषांचा आहे. पण तुमचा विषय दुसरा असला तरी वाचा, कारण मी जी चूक केली ती करायला विषशास्त्रच शिकावं लागतं असं नाही.

माझं काम तंबाखू हाताळणाऱ्या बायकांवर आहे. ओलं पान तोडताना, वाळवताना, वखारीत चाळताना निकोटीन कातडीतून किती आत जातं आणि त्याचा काय त्रास होतो, हे मी मोजते. निपाणीच्या आसपासच्या गावांत माझं फिल्डवर्क चालतं. पहिल्या वर्षी एका गावात बचत गटाच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायला मिळाली. हातमोजे वापरा, पानावर दव असताना तोडणी करू नका, काम झालं की साबणाने हात धुवा, एवढंच सांगायचं होतं. पण सुरुवात जरा जोरदार व्हावी म्हणून मी म्हणाले, "निकोटीन इतकं जहाल विष आहे की फक्त साठ मिलिग्रॅम पोटात गेलं तर माणूस मरू शकतो. पाच-सहा सिगारेटींमध्ये मिळून तेवढं असतं."

मागे बसलेल्या एक मावशी हसल्या. "आवं ताई, मग मी कवाच मरायला पायजे हुती की. चाळीस वर्सं मिश्री लावतीया. आमचं मालक तर दिसाला पुडी संपवायचं."

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर हातमोजे, दव आणि साबणाबद्दल मी जे काही बोलले ते कुणाच्याच कानात गेलं नाही. माझ्याकडे "शिकलेली आहे, बोलू दे बिचारीला" अशा नजरेने बघत होत्या सगळ्या. तांत्रिकदृष्ट्या मावशींचं गणित बरोबर नव्हतं. मिश्रीतलं सगळं निकोटीन काही अंगात जात नाही, बरंचसं थुंकीतून बाहेर पडतं. आणि रोज वापरणाऱ्याचं शरीर सरावतंही. पण त्यांची शंका पक्की होती, आणि तिचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

परत आल्यावर गाईडना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "साठचा आकडा कुणी मोजला?" मी म्हणाले, "सर, सगळीकडे तोच दिलाय." सर म्हणाले, "कुठे दिलाय ते नाही विचारलं. मोजला कुणी?"

खरं सांगायचं तर "सगळीकडे" या शब्दावर माझा फार भरवसा होता. पाठ्यपुस्तकात साठ. रसायन विकणाऱ्या कंपन्यांच्या सुरक्षा माहितीपत्रकांत, म्हणजे ज्याला आपण एसडीएस म्हणतो त्यात, तीस ते साठ. मोठमोठ्या डेटाबेसमध्येही तेच. पाच ठिकाणी एकच आकडा दिसला की आपण तो पाचदा तपासला गेलाय असं धरून चालतो. एकाच घागरीचं पाणी पाच तांब्यांत ओतलंय, ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नाही.

माझ्या सुदैवाने ही घागर एकाने आधीच शोधून ठेवली होती. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातले बर्न्ड मायर. त्यांचा लेख २०१४ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ टॉक्सिकॉलॉजी' या जर्नलमध्ये आला. जेमतेम तीन पानांचा आहे, आणि संशोधनाच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना वाचायला द्यावा असा आहे. मायर यांनी काय केलं? एक संदर्भ उघडला, त्याने ज्याचा हवाला दिलाय तो उघडला, मग त्याने ज्याचा दिलाय तो. बऱ्याच ठिकाणी वाट गोल फिरून परत आधीच्याच पानावर यायची: डेटाबेस पुस्तकाकडे बोट दाखवतो, पुस्तक डेटाबेसकडे. शेवटी ते पोचले रुडॉल्फ कोबर्ट या जर्मन विषशास्त्रज्ञाच्या १९०६ सालच्या पाठ्यपुस्तकापर्यंत. मारक मात्रा ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा अंदाज कोबर्टने तिथे दिला होता. अंदाजच. आणि तो कशावरून? त्याच्याही पन्नास-पंचावन्न वर्षं आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, व्हिएन्नात दोघा जणांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांवरून. त्यांनी १ ते ४ मिलिग्रॅम निकोटीन घेतलं आणि झटके, बेशुद्धी अशी भयंकर लक्षणं लिहून ठेवली.

आता इथे थांबा आणि तुम्हीच विचार करा. एक सिगारेट ओढली की साधारण २ मिलिग्रॅम निकोटीन शरीरात जातं. म्हणजे व्हिएन्नातल्या त्या दोघांना जे झालं ते रोज कोट्यवधी लोकांना पानटपरीसमोर व्हायला हवं. होत नाही. मग त्यांनी नक्की काय घेतलं होतं, किती शुद्ध होतं, काय मोजलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण आकडा मात्र टिकला. शंभरहून जास्त वर्षं टिकला.

मायर यांचा उलटा हिशोब तुम्ही कागदावर करून बघू शकता, म्हणून सविस्तर देते. सिगारेटमधून २ मिलिग्रॅम शरीरात गेलं की रक्तद्रवात निकोटीनची पातळी लिटरला साधारण ०.०३ मिलिग्रॅम होते. तोंडावाटे गिळलेल्या निकोटीनपैकी फक्त २० टक्क्यांच्या आसपास रक्तात पोचतं, कारण बरंचसं यकृत आधीच निकामी करतं. म्हणजे ६० मिलिग्रॅम गिळलं तर १२ पोचणार. २ ला ०.०३, तर १२ ला ०.१८. आता निकोटीनच्या विषबाधेने खरोखर दगावलेल्या माणसांच्या नोंदी बघा. त्यांच्या रक्तात सापडलेली पातळी कमीत कमी २ मिलिग्रॅमच्या घरात आहे, आणि रक्तद्रवात धरली तर साधारण ४. साठ मिलिग्रॅमने जी पातळी येईल तिच्या वीसेक पट. यावरून मायर म्हणतात की प्रौढ माणसात मृत्यू ओढवणारी किमान मात्रा अर्धा ते एक ग्रॅमच्या आसपास असावी.

हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. जुना आकडा खोडला, नवा लिहिला, सिनॉप्सिस दुरुस्त. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "हा लेख आता पहिल्यासारखाच वाच."

म्हणजे काय, ते कळायला मला आठवडा लागला. मायर यांच्या लेखातला शोध अस्सल आहे, पण त्यांचा स्वतःचा आकडासुद्धा प्रयोगातून आलेला नाही. तो काही मोजक्या मृत्यूंच्या नोंदींवरून उलटा काढलाय. मृत्यूनंतर अवयवांतलं औषध किंवा विष रक्तात उतरतं, पातळी बदलते. त्यामुळे शवविच्छेदनात सापडलेली पातळी म्हणजे मृत्यूच्या क्षणाची पातळी असं धरता येत नाही. शिवाय मात्रा दुप्पट केली की पातळीही दुप्पट होते असं गृहीत धरलंय. तीस पट, चाळीस पट मात्रेलाही यकृत त्याच वेगाने काम करेल का? आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट: किमान मारक मात्रा काढून झाल्यावर तिलाच लेखात एलडी-५० म्हटलं आहे, किलोला ६.५ ते १३ मिलिग्रॅम. एलडी-५० म्हणजे ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात ती. ज्या मात्रेपासून मृत्यू दिसायला लागतात ती मात्रा वेगळी. एवढ्या चोख माणसानेही शेवटच्या परिच्छेदात दोन संज्ञा एकत्र केल्यात.

आता गंमत बघा. निकोटीनची प्राणघातक मात्रा शोधलीत तर आज बऱ्याच पानांवर "पूर्वी ६० समजत, खरी मात्रा अर्धा ते एक ग्रॅम आहे" असं ठासून लिहिलेलं सापडतं. "असावी" हा शब्द गळून पडलाय. कोबर्टच्या बाबतीत जे झालं तेच मायर यांच्या बाबतीत आपल्या डोळ्यांदेखत चाललंय, आणि करणारे आपणच आहोत, हवाला देताना अर्धं वाक्य उचलणारे.

(कंसात एक गोष्ट, कारण हा आकडा वाचून कुणी निष्काळजी व्हायला नको. ही चर्चा प्रौढांच्या आकड्याची आहे. लहान मुलाच्या हाती द्रव निकोटीन किंवा तंबाखू लागणं हा केव्हाही इमर्जन्सीचाच प्रकार. आणि हे सगळं कुणी अभ्यासासाठी नाही, स्वतःसाठी शोधत इथपर्यंत आलं असेल, तर कृपया १४४१६ ला फोन करा. ती सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.)

मग प्रश्न असा की इतकी वर्षं कुणी हा आकडा तपासला का नाही? मला वाटतं, कारण चूक "सुरक्षित" बाजूला होती. विष आहे त्यापेक्षा जास्त जहाल सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं? उलट लोक जपून राहतील. एसडीएस लिहिणाऱ्या कंपनीला तर हेच सोयीचं. कमी सांगितलं आणि काही झालं तर कोर्ट, जास्त सांगितलं तर काहीच नाही. म्हणून तर साध्या मिठा-साखरेच्या एसडीएसमध्येही डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा वगैरे सगळं असतं. पण बिघडतं. माझं बिघडलं. त्या मावशींनी चाळीस वर्षांच्या अनुभवावर माझा आकडा पारखला, तो खोटा निघाला, आणि त्याच्याबरोबर माझं खरं बोलणंही त्यांनी टाकून दिलं.

आता तुम्ही शोधायला बसाल तेव्हा काय सापडेल, त्याबद्दल माझं मत सांगते. यादी देत नाही. याद्या भरपूर आहेत आणि त्या लवकर शिळ्या होतात. याचंच उदाहरण म्हणजे टॉक्सनेट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा हा विषमाहितीचा मोठा पसारा होता. डिसेंबर २०१९ मध्ये तो बंद झाला. तरी आजही वाचनसाहित्यात, अगदी नव्या हँडआउटमध्येसुद्धा, "टॉक्सनेट पाहा" असं लिहिलेलं असतं, आणि लिंक दाबली की हाती काहीच लागत नाही. माहिती नष्ट झाली नाही, विखुरली. त्यातली हॅझर्डस सबस्टन्सेस डेटा बँक आता पबकेमच्या पानांत मिसळली आहे. औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेबद्दलचं लिव्हरटॉक्स आणि स्तनपानाबद्दलचं लॅक्टमेड ही दोन्ही त्यांच्याच बुकशेल्फवर आहेत. संशोधन लेखांचा भाग पबमेडमध्ये.

पबकेम मला आवडतं, पण ते कसं वाचायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते गोदाम आहे. कोणत्याही रसायनाच्या पानावर विषारीपणाच्या भागात एकाखाली एक आकडे असतात, सगळ्यांचा फाँट एकच, म्हणून सगळे सारखेच वजनदार वाटतात. पण प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात तिचा उगम लिहिलेला असतो, आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो. हॅझर्डस सबस्टन्सेसची नोंद तज्ज्ञांच्या गटाने तपासलेली असते. तिच्या शेजारी एखाद्या कंपनीच्या पत्रकातून उचललेलं वाक्य असू शकतं. आणि आरटीईसीएस नावाच्या संग्रहातून आलेले आकडे असतील तर लक्षात ठेवा की त्या संग्रहाचं कामच मुळी छापून आलेले आकडे गोळा करणं हे होतं. ते बरोबर आहेत का, हे पाहणं नव्हे. युरोपच्या ईसीएचएच्या साइटवर प्रयोगांचे तपशील छान मिळतात, कोणती जात, किती उंदीर, किती दिवस. पण ती कागदपत्रं नोंदणी करणाऱ्या कंपनीने स्वतः भरलेली असतात. म्हणून ती वाचू नयेत असं नाही. आपण प्रॉपर्टीचा सातबारा बघतो तसं बघायचं: कुणी नोंदवलंय, केव्हा, कशाच्या आधारावर.

जुन्या पण भरवशाच्या वाचनासाठी मी इनकेमवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आधाराने तयार झालेले लांबलचक प्रबंध तिथे मोफत आहेत. दिसायला नव्वदच्या दशकातली वेबसाइट, आणि पुष्कळ मजकूरही त्याच काळातला. मला तो तोटा वाटत नाही, कारण ते तारीख लपवत नाहीत. याउलट चकचकीत आरोग्य-पोर्टलवर "शेवटचा बदल: मागच्या महिन्यात" असं लिहिलेलं असतं आणि आतला आकडा १९०६ चा.

हल्ली अर्थात पहिली धाव एआय चॅटकडे जाते, माझीही जाते. शब्द शोधायला ते उपयोगी पडतं. आकड्यासाठी नको. ते "सगळीकडे" जे आहे त्याचंच मिश्रण छान भाषेत देतं, आणि "सगळीकडे"ची काय किंमत असते ते वर आलंच आहे. त्याने संदर्भ दिला तर तो स्वतः उघडा. अस्तित्वात आहे का ते आधी बघा, मग त्यात तो आकडा आहे का ते.

शोधताना नावापेक्षा सीएएस क्रमांक वापरा. निकोटीनचा ५४-११-५, निकोटीन सल्फेटचा ६५-३०-५. दुसरं हे एकेकाळी कीटकनाशक म्हणून विकलं जायचं, द्रावणाच्या रूपात. नावाने शोधलंत तर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. माझ्या पहिल्या तक्त्यात मिसळले होते.

आणि शब्द. मी सहा महिने निकोटीन टॉक्सिसिटी असंच शोधत होते. मला हवं होतं ते सगळं "ग्रीन टोबॅको सिकनेस" या नावाखाली पडलं होतं, आणि विषशास्त्राच्या नाही, व्यावसायिक आरोग्याच्या जर्नलमध्ये. अमेरिकेत फ्लोरिडातल्या कामगारांवरचं पहिलं वर्णन १९७० चं आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी गुजरातच्या तंबाखू कामगारांवर सत्तर-ऐंशीच्या दशकांत काम केलंय. माझ्या फिल्डपासून ते कितीतरी जवळचं, पण मला सापडलं शेवटी. आमच्याकडे या प्रकाराला "तंबाखू लागली" म्हणतात. ओल्या पानात दिवसभर काम केलं की मळमळ, उलटी, डोकं गरगरणं. निकोटीन पाण्यात सहज विरघळतं, दवाच्या थेंबातून कातडीवर येतं आणि कातडीतून आत. बायकांना हे नाव न घेता माहीत होतं. मला नाव माहीत होतं आणि हे माहीत नव्हतं.

एलडी-५० बद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पेटमध्ये त्याच्यावर प्रश्न येतो आणि आपण व्याख्या पाठ करून मोकळे होतो. ट्रेव्हनने १९२७ मध्ये ही कल्पना मांडली ती औषधांचा जोर प्रमाणित करण्यासाठी. एका बाटलीतलं डिजिटॅलिस दुसऱ्या बाटलीतल्याइतकंच तीव्र आहे का, असला प्रश्न होता तो. माणूस कशाने मरेल हा नव्हता. पुढे तो आकडा विषांची उतरंड लावायला वापरला गेला. भरपूर प्राणी मारून तो काढायची जुनी पद्धत ओईसीडीने २००२ मध्ये आपल्या मार्गदर्शक यादीतून काढूनच टाकली. म्हणजे आज तुम्हाला डेटाबेसमध्ये दिसणारे कितीतरी एलडी-५० आता कुणी परत करणार नाही अशा प्रयोगांतून आलेले आहेत. निकोटीनचंच घ्या: तोंडावाटे दिल्यावर उंदरात किलोला ३.३ मिलिग्रॅम, मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, ५०. पंधरा पट फरक, आणि दोघेही कुरतडणारेच प्राणी. यातला कोणता आकडा माणसाच्या जवळचा, हे आकडा स्वतः सांगत नाही.

कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण याच आकड्यावरून ठरतो. आपल्याकडे लाल म्हणजे तोंडावाटे एलडी-५० किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा ५०० पर्यंत, निळा ५००० पर्यंत, त्यापुढे हिरवा. शेतकऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून केलेली ही चांगली सोय आहे. पण तिला काय कळत नाही तेही पाहा. पॅराक्वाट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दुसरा वर्ग आहे, "मध्यम धोकादायक". डॉक्टरांना विचारा, ज्या विषबाधांची त्यांना सगळ्यात धास्ती वाटते त्यांत हे नाव असतं, कारण फुप्फुसांची हानी नंतर हळूहळू होते आणि उतारा नाही. संघटनेनेच त्या नोंदीपुढे उशिरा होणाऱ्या परिणामांची टीप दिली आहे. तक्त्यातून वर्ग उचलणारे ती टीप सोडतात. मी अशा दोन प्रबंधिका पाहिल्या आहेत.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या बातम्यांनंतर मी, तेव्हा एमएस्सीला होते, एकेक कीटकनाशकाचं नाव घेऊन डेटाबेस चाळले होते. प्रत्येकाचा आकडा मिळाला. पण शेतात माणूस पंपात दोन-तीन औषधं एकत्र करून, उंच वाढलेल्या पिकात, उकाड्यात, ओल्या सदऱ्याने तासन्‌तास फवारत होता. शुद्ध रसायन, एकटं, रॅटला, तोंडावाटे, एकदाच: या पाच शब्दांपैकी एकही त्याला लागू नव्हता. डेटाबेस चूक नव्हता. मी त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समजून घेत होते.

आणखी एक फरक नीट लक्षात ठेवा. अभ्यासासाठी शोधणं आणि घरात कुणाला काही झालं म्हणून शोधणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात चुलत भावाचा फोन आला, शेजारच्या रानात फवारणी करून आलेल्या माणसाला घाम सुटलाय, लाळ गळतेय, काय देऊ? त्याने गुगलवर मराठीत शोधलं होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवा, दूध द्या, तूप द्या, असं काय काय सापडलं होतं त्याला. माझ्याकडे सात डेटाबेसचे बुकमार्क होते आणि त्या क्षणी एकाचाही उपयोग नव्हता. मी म्हणाले, तोंडाने काहीही देऊ नको, कपडे काढून अंग धू, १०८ लाव आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन जा. डबा नेला म्हणून डॉक्टरांना औषध कळलं. माणूस वाचला.

उलटी करवण्याचा सल्ला एकेकाळी पुस्तकात होता, हे खरं. अमेरिकेत घरोघरी उलटीचं औषध, इपेकॅक, ठेवायला सांगत. २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच ते ठेवू नका असं सांगितलं. जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत तर जळका पाव, मॅग्नेशिया आणि कडक चहा यांचं मिश्रण "सार्वत्रिक उतारा" म्हणून असायचं. त्याचा उपयोग होत नाही हे कळूनही पुष्कळ वर्षं झाली. इंग्रजीत असा सल्ला मागे पडला. मराठीत मात्र तो नव्याने टाइप होतो, कारण पर्याय म्हणून लिहिलेलं फारसं नाही. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र २४ तास फोन घेतं, १८०० ११६ ११७. हा नंबर किती मराठी पानांवर आहे ते एकदा शोधून बघा. आपल्यापैकी कुणाला पोस्ट लिहायची असेल तर विषय मोकळा आहे.

माझ्या सिनॉप्सिसमधून साठचा आकडा गेला. अर्धा ग्रॅमही घातला नाही. मारक मात्रेचं वाक्यच काढून टाकलं, कारण नीट पाहिल्यावर लक्षात आलं की माझ्या प्रश्नाला त्याची गरजच नव्हती. माझा प्रश्न कोण मरतं हा नाही, कोणाला रोज संध्याकाळी उलट्या होतात हा आहे. ते वाक्य मी फक्त धाक दाखवायला घातलं होतं.

यंदा जानेवारीत पुन्हा त्याच गावात गेले. यावेळी आकडा सांगितला नाही. विचारलं, तंबाखू कुणाला लागते, केव्हा लागते? अर्धा तास त्याच बोलल्या. सकाळी लवकर तोडणीला गेलं की जास्त लागते. नवीन आलेल्या पोरींना जास्त. पाऊस पडून गेल्यावर जास्त. प्रत्येक गोष्ट मी वाचलेल्या लेखांशी जुळत होती आणि मी भराभर लिहून घेत होते. मग हातमोज्यांचा विषय काढला, तर त्याच मावशी म्हणाल्या, "घालतो की, पर मोजं घातल्यावर पान हाताला कळत न्हाई. तुटलं तर मुकादम बोलतोय. त्याचं काय लिवलंय तुमच्या पुस्तकात?"

शोधतेय. अजून सापडलं नाही.